मित्राची फौज आणि स्वतःचे बळ

लष्करी मैत्रीचे मोल परभणीच्या इतिहासाने जवळून पाहिले आहे. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील स्वतःच्या पलटणी मोडल्या. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’च्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९१८ मध्ये ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हा किताब तेवढा मिळाला! सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सेना संस्थानात शिरली, तेव्हा निजामासाठी ब्रिटनची एकही पलटण आली नाही. १७ सप्टेंबरला परभणीसह मराठवाडा मुक्त झाला.

आज भारत ‘क्वाड’मध्ये आहे, तो लष्करी करार नव्हे. मैत्री अवश्य जोडावी, परंतु राष्ट्राच्या रक्षणाचा भार परक्याच्या खांद्यावर ठेवू नये.