मुलाची भाकरी वेगळी

एखादे मूल पोटभर जेवूनही वाळत जाते, पोट तेवढे फुगते, जुलाब थांबत नाहीत. आपण जंत म्हणतो, दृष्ट काढतो. कधी कधी दोष असतो गव्हातल्या ग्लुटेन या चिकट द्रव्याचा. हॉलंडच्या डॉ. डिके यांनी १९५० साली गव्हाचा हा संबंध मांडला. रोगाचे नाव सीलियाक. शंका आली तरी रक्ततपासणीआधी गहू सोडू नका. सोडलात तर तपासणीत रोग लपतो.

निदान झाले की गहू आणि जव जन्माचे बंद. आपल्या नगरकडच्या माणसाला त्याचे काय भय? बाजरी, ज्वारी, तांदूळ, डाळी सारे चालते. घोटाळा होतो तो गिरणीत! सावेडीत काय नि खेड्यात काय, गव्हामागून बाजरी टाकली की गव्हाचे पीठ तिच्यात उतरलेच. तेव्हा गहू कधी न दळलेले जाते किंवा घरगुती चक्की त्या मुलापुरती राखावी. चाळण, काठवट, तवाही निराळा. लाकडाच्या भेगेत कणीक राहते. त्याची भाकरी आधी, पोळ्या मागून.

आणि हिंगाची डबी! बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. वेष्टण वाचूनच घ्या.

गुरुजी, एका बिस्किटाने काय होते, असे त्या मुलाला म्हणू नका. प्रसादाला रव्याचा शिरा असेल, तर त्याच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू वेगळ्या डब्यात ठेवा, आणि वाढताना हात धुऊन आधी त्यालाच वाढा.