अहवालाखालची सही

(निझवा येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या मंडळींच्या व्यावसायिक उन्नतीच्या वाटा, हा विषय संयोजकांनी आम्हांस दिला. वैद्यकाने रसायनाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आमच्यापुढे तपासणीस येऊन बसणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ इतके असतात, की रक्तदाब मोजता मोजता त्यांच्या नोकरीचा इतिहासही आमच्या कानी पडत गेला. कोणी तेलक्षेत्राच्या प्रयोगशाळेत, कोणी समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या केंद्रात, कोणी खताच्या वा सिमेंटच्या कारखान्यात. पुष्कळदा रक्तदाबाचे मूळ जेवणातल्या मिठापेक्षा त्या इतिहासातच सापडे.

असेच एक गृहस्थ आमच्याकडे येत. कोकणातील एका महाविद्यालयाचे बी.एस्सी. सतरा वर्षे ते एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होते : क्लोराइड, कठीणपणा, बोरॉन, उरलेले क्लोरिन. टायट्रेशन त्यांचे, आकडेमोड त्यांची, रात्रपाळीही त्यांचीच. अहवालाखालची सही मात्र दुसऱ्याची. करार संपला तेव्हा हाती पडलेल्या अनुभवपत्रात एकच ओळ होती. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत 'लॅब टेक्निशियन'. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची सतरा वर्षे त्या एका ओळीत मावली. आज ते गावी भावाच्या दुकानात बसतात.

त्यांच्या ठायी महत्त्वाकांक्षा नव्हती, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्र शासनाच्या लेखी आपल्या सवलती संपल्या. त्या परत मिळण्यास १९९० ची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती यावी लागली. ही चौतीस वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातून, तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून आपली मुले विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली, ती घरची पहिलीच पदवी होती. घरी धाकट्या भावंडांची फी भरायची होती. ज्या बाकावर जागा मिळाली तेथे ती बसली आणि बसूनच राहिली. पुढची पायरी कोणती, हे सांगणारा काका-मामा त्या व्यवसायात कोणाच्याच घरी नव्हता.

आम्ही सहीचा मुद्दा एवढा लावून का धरतो, तेही सांगतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर ते तळे शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून आणि मंत्र म्हणून 'शुद्ध' करण्यात आले. न्यायालयातील दावा उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकालात निघाला तो १९३७ साली. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरवण्याचा अधिकार तेव्हा मंत्र म्हणणाऱ्यांकडे होता. विज्ञानाने तो रसायनशास्त्रज्ञाच्या हाती दिला. त्याच महाडला आज रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि तेथील सांडपाण्याच्या नमुन्यांची तपासणी हे रोजचे काम झाले आहे. आपण जेथे जमलो आहोत त्या निझव्याचा फलज दारिस हा पाण्याचा प्राचीन पाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. परंतु आज ओमानच्या शहरांतील नळांना येणारे पाणी बव्हंशी समुद्राचेच, गोडे केलेले. ते पिण्यास योग्य आहे असे लिहून देणाऱ्या कागदाखाली आपल्या माणसाचे नाव असावे, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.

आता ते नाव तेथे येत का नाही? वैद्यकाला परिषद आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद पाच वर्षांत तीस क्रेडिट तासांचे शिक्षण मागते. ते न केल्यास नोंदणीचे नूतनीकरण अडते. औषधनिर्मात्याला १९४८ चा कायदा आहे. रसायनशास्त्रज्ञाला भारतात अशी वैधानिक परिषद नाही. त्याला शिकण्याची सक्ती कोणी करत नाही, त्यामुळे विसाव्या वर्षी मिळालेली पदवी पन्नाशीपर्यंत तशीच राहते, आणि दरम्यान यंत्रे बदलतात. ब्युरेटच्या जागी स्वयंचलित टायट्रेटर येतो. तो चालवायला आठ दिवसांत कोणीही शिकतो. त्याने दिलेला आकडा किती विश्वासार्ह, हे सांगायला मात्र शास्त्र लागते.

प्रयोगशाळांसाठी आयएसओ १७०२५ हे मानक आहे. त्याची सध्याची आवृत्ती २०१७ ची. अहवाल तपासून संमत करणे हे काम प्रयोगशाळेने नेमून दिलेल्या, सक्षमता सिद्ध केलेल्या व्यक्तींनीच करावयाचे, असे ते सांगते. म्हणजे सही ही साहेबाची मर्जी नसून नोंदीची बाब आहे. मापनातील अनिश्चितता कशी काढावी, चाचणीची पद्धत प्रमाणित कशी करावी, अंतर्गत लेखापरीक्षण कसे करावे, एवढे तीन विषय ज्याने मनापासून शिकले, त्याला ती नेमणूक लेखी मागता येते. प्रत्येक वेळी ती मिळेलच असे नाही; परंतु न मागणाऱ्याला ती आपण होऊन देणारा मालक आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही.

मायदेशी तर कायद्यानेच सहीचे अधिकार ठरवून दिले आहेत. औषध कारखान्याच्या चाचणी विभागात काम करणाऱ्या विज्ञान पदवीधरास अनुभवानंतर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याची मान्यता मिळू शकते. 'एफडीए अप्रूव्हल' म्हणतात ते हेच. ज्या तरुणाला ती मिळवण्याची संधी आहे, त्याने ती पदरात पाडून मगच आखाताचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अन्नाच्या क्षेत्रात रसायनशास्त्राचा एम.एस्सी. अन्नपदार्थांच्या विश्लेषणाच्या तीन वर्षांच्या अनुभवानंतर अन्न विश्लेषकाच्या परीक्षेस बसू शकतो. इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची सनदही परदेशी रसायनशास्त्रज्ञांना खुली आहे. तिच्यासाठी आपल्या व्यावसायिक प्रगतीची नोंद सादर करावी लागते.

सर्वांत कमी ठाऊक असलेली वाट पेटंटची. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधी पदार्थांवरही पेटंट मिळू लागले आणि रसायन समजणाऱ्या माणसांची गरज वाढली. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे भारतीय नागरिक असलेला, एकवीस वर्षे पूर्ण झालेला कोणीही विज्ञान पदवीधर परीक्षा देऊन पेटंट एजंट होऊ शकतो. वकिलीची पदवी लागत नाही. परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होतेच असे नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते.

येथे आम्हांस आपल्या भगिनींविषयी बोलावयाचे आहे. या सभागृहात एम.एस्सी. झालेल्या भगिनी बसल्या आहेत, ज्यांच्या निवासपत्रावर केवळ पतीची कुटुंबीय एवढीच ओळख आहे. प्रयोगशाळेचे काम घरी करता येत नाही. पेटंटचा मसुदा घरी वाचता येतो, लिहिताही येतो. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, विज्ञानात खंड पडलेल्या स्त्रियांना बौद्धिक संपदेचे वर्षभर प्रशिक्षण देणारी योजना आहे. पूर्वी तिला 'डब्ल्यूओएस-सी' म्हणत. मायदेशी परतणाऱ्या कुटुंबाने सुनेच्या पदवीचा विचार घराच्या बांधकामाआधी करावा.

सुरक्षेचे क्षेत्र वैद्यक म्हणून आमच्या जवळचे. तेलक्षेत्रातील हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मंदावते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून पुढे पाऊल टाकणारा माणूस वाचत नाही. हे कामगाराला आधी सांगू शकतो तो रसायनशास्त्रज्ञच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात जे स्फोट झाले, त्यांत मेलेल्यांची घरे आपल्यासारखीच होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यांच्या सुरक्षेविषयी सल्ला देणारे केंद्र सरकारचे कार्यालय त्याच काळात, १९४५ साली, स्थापन झाले. त्याच परंपरेतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविका मिळते. आखातात नेबोशची प्रमाणपत्रे मागतात. नोकरी सांभाळून ती घेता येतात.

आता ओमानीकरणाविषयी. सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ साली सुरू झाले, या गावचे निझवा विद्यापीठ २००४ साली. तेथून ओमानी रसायनशास्त्रज्ञ बाहेर पडत आहेत आणि बाकावरील जागा त्यांना मिळत आहेत. मिळाव्यातच. प्रतिनिधित्वासाठी पिढ्यान् पिढ्या झगडलेल्या समाजाने भूमिपुत्रांच्या प्रतिनिधित्वावर कुरकुर करावी, हे आम्हांस तरी शोभणारे वाटत नाही. आपण पाहावयाचे ते एवढेच, की बाकावरील जागा जाईल तेव्हा आपण त्या बाकावरच नसावे. शिकवणाऱ्या, तपासणाऱ्या जागी असावे. १ जानेवारी २०२१ पासून करार पुरा झाल्यावर दुसरीकडे जाण्यास जुन्या मालकाचे ना हरकत पत्र लागत नाही. ही सवलत ज्याच्या हाती काही नवे आहे त्यालाच उपयोगाची. मरमूलला तेल बाहेर काढण्यासाठी पॉलिमर सोडतात, निम्रला तेलासोबत निघालेले पाणी वेताच्या बनातून शुद्ध करतात, निझवा विद्यापीठात लोबानातील आम्लांवर संशोधन चालते. हे सारे रसायनशास्त्र आपल्या दाराशी चालले आहे. आपल्यापैकी किती जणांनी तेथे जाऊन पाहिले?

शेवटी वहीची गोष्ट. प्रत्येकाने स्वतःची एक वही ठेवावी : कोणते यंत्र, कोणती पद्धत, किती नमुने, कोणती चूक सापडली, कोणाला शिकवले. कंपनीची गुपिते तीत नकोत. आपले कौशल्य असावे. दरवर्षी त्या वहीवरून कामाचे वर्णन टंकलिखित करून वरिष्ठांकडे लेखी पोचवावे. अनुभवपत्र मागण्याची वेळ येईल तेव्हा मजकूर आपल्याकडे तयार असेल, आणि तयार मजकुरावर सही मिळवणे सोपे जाते. भोजनोत्तर आम्ही मागच्या टेबलाशी बसणार आहोत. दोन-तीन अनुभवी रसायनशास्त्रज्ञ बंधूही तेथे असतील. ज्यांनी प्रमाणपत्रे सोबत आणली आहेत त्यांनी ती घेऊन यावे. ज्यांनी आणली नसतील त्यांनी निदान आपल्या हुद्द्याचे आणि प्रत्यक्ष कामाचे दोन वेगळे कागद लिहून आणावेत.

जय भीम.