ओट्यावरचं आरोग्य

वडोदऱ्यात १९६०च्या दशकात गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत आखली ती पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी. त्यांच्या कसबाची खरी परीक्षा मात्र पुढे, १९८०च्या दशकात, इंदूरच्या अरण्य वसाहतीत झाली.

तिथे गरिबाच्या हाती तयार खुराडं दिलं नाही. लहानात लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास, पाणी आणि वीज. खोल्या, जिना, गच्ची पैसा जमेल तशी वाढवायची. मागच्या अंगणातून उजेड-वारा येतो. पुढे ओटा, तिथे म्हाताऱ्यांच्या गप्पा चालतात आणि गल्लीतल्या पोरांवर आपसूक नजर राहते. एकटेपणावर याहून स्वस्त औषध कुठलं?

या वसाहतीला १९९५ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.