'आय हॅव अ डाउट' : शंका विचारताय की शंका घेताय?

इयरफोन लावलेत ना? चला, आजचा शब्द आहे, डाउट.

तुम्ही म्हणाल, हा काय शिकवायचा शब्द झाला? 'सर, एक डाउट आहे' हे तर आपण शाळेपासून म्हणतोय. बरोबर. म्हणूनच आज तो घेतलाय.

आधी माझी फजिती ऐका. पहिली नोकरी, परदेशातल्या क्लायंटबरोबरचा पहिलाच कॉल. इंग्लंडमधल्या एक बाई त्यांचा हिशेब समजावून सांगत होत्या. एक आकडा कुठून आला, ते मला कळेना. मी अगदी नम्रपणे म्हणालो, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर नंबर्स.'

कॉलवर एकदम शांतता. मग बाईंनी जरा कोरड्या आवाजात विचारलं, 'विच वन डू यू थिंक इज राँग?'

अहो, मी कुठे म्हटलं चूक आहे म्हणून? मला फक्त विचारायचं होतं! कॉल संपल्यावर आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, 'अरे, तू त्यांना शंका विचारली नाहीस. तू त्यांच्यावर शंका घेतलीस.'

त्या एका वाक्यात सगळं आलं. बघा, मराठीत 'शंका' शब्द एकच, पण क्रियापद बदललं की अर्थ बदलतो.

पहिलं, शंका विचारणे. म्हणजे कळलं नाही, समजावून सांगा. इथे इंग्रजीत 'क्वेश्चन' वापरा. 'आय हॅव अ क्वेश्चन.' किंवा 'कुड यू एक्स्प्लेन धिस पार्ट?'

दुसरं, शंका घेणे. म्हणजे विश्वास बसत नाही, खात्री वाटत नाही. हा खरा 'डाउट'. 'आय डाउट इट विल रेन टुडे.' म्हणजे आज पाऊस पडेल असं मला वाटत नाही.

तिसरं, शंका येणे. म्हणजे काहीतरी गडबड आहे असं वाटणे. याला 'सस्पेक्ट'. आणि इथेच मोठी गंमत होते. आपण म्हणतो, 'मला डाउट आहे, तो खोटं बोलतोय.' हेच इंग्रजीत 'आय डाउट ही इज लाइंग' असं म्हटलंत, तर अर्थ होतो, तो खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पार उलटं! तुम्हाला म्हणायचं होतं, 'आय सस्पेक्ट ही इज लाइंग.'

आता 'बेनिफिट ऑफ द डाउट'. पेपरात वाचतो ना, 'संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता', तेच हे. क्रिकेटमध्येही अंपायरला खात्री नसेल, तर फायदा फलंदाजाला द्यायचा, हा जुना संकेत. दोन्हीकडे मुद्दा एकच, पक्की खात्री नाही.

आणि स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा 'बी'? इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. पुढे 'दुबितारे' या लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो घुसवला. म्हणून लिहायचा, पण बोलायचा नाही. उच्चार फक्त 'डाउट'. या लॅटिन शब्दाचं नातं 'दोन' या अर्थाच्या शब्दाशी आहे. मन दोन्हीकडे ओढलं जाणं. आपण 'द्विधा मनःस्थिती' म्हणतो, त्यातही दोनच आहेत की!

मग 'सर, डाउट आहे' म्हणायचं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. भारतात हा अर्थ पक्का रुजलाय, सगळ्यांना कळतो. पण समोर परदेशातला माणूस असेल, मुलाखत असेल, परदेशी प्रोफेसरना ईमेल असेल, तर क्षणभर थांबा. स्वतःला मराठीत विचारा, मी शंका विचारतोय, घेतोय, की मला शंका आलीय? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो.

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी ईमेल केला, 'आय हॅड अ क्वेश्चन, नॉट अ डाउट.' त्यांनी हसरा इमोजी पाठवला आणि तो आकडाही समजावून सांगितला.

आजचा गृहपाठ, तिन्ही अर्थांची एकेक वाक्यं करा आणि व्हॉइस नोट पाठवा. आणि काही डाउट असेल तर... सॉरी, प्रश्न असेल तर नक्की विचारा!

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, बोलत राहा.