पदवी मागून घ्यावी लागते

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी श्रीपूर मुक्कामी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. ज्यांचा आपण गौरव करीत आहोत ती मुले-मुली बी. ए., बी. कॉम., इंजिनियर झालेली. आणि त्यांच्यापुढे उभा राहणारा मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, सारा जन्म प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवून घेण्यात घालविलेला. पदवीविषयी बोलण्याचा अधिकार मला कोठून? परंतु ज्याच्यापाशी एखादी वस्तू नसते, तो तिच्याकडे अधिक निरखून पाहतो, हेही तितकेच खरे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आपणा सर्वांसमक्ष सांगावी, असे पुष्कळ दिवस मनात होते. तो योग आज आला आहे.

मघाशी गौरवचिन्ह घेऊन खाली उतरणाऱ्या काही मुलांना मी सहज विचारले, “बाळांनो, पदवी घेतलीत का?” त्यांनी मोठ्या उत्साहाने गुणपत्रक पुढे केले. एकाने तर दोन वर्षांपूर्वीचे गुणपत्रक खिशातील यंत्रावर दाखविले. मी म्हणालो, “हे गुणपत्रक झाले. पदवी?” तेव्हा ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

आपले गाव साखर कारखान्याचे. येथील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. ऊस तोडला, गाडीत भरला, वजनकाट्यावर नेला आणि गव्हाणीत टाकला, म्हणजे बिल हातात पडले असे कोणी मानीत नाही. काट्यावरची वजनपावती तो धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणतो आणि देवाच्या फोटोमागे जपून ठेवतो; बिल होईपर्यंत ती पावती म्हणजे त्याचा जीव. आणि बिल बँकेत जमा झाल्यावाचून तो स्वस्थ बसत नाही. मग पोराने किंवा पोरीने तीन वर्षे रक्त आटवून जे पीक काढले, त्याची नुसती पावती घेऊन आपण स्वस्थ कसे बसतो? गुणपत्रक ही पावती आहे. पदवी ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि ती बहुधा मागितल्याखेरीज येत नाही.

याची रीत थोडक्यात सांगतो. अंतिम परीक्षेचा निकाल लागला म्हणजे विद्यार्थी पदवीस ‘पात्र’ झाला. त्यानंतर विद्यापीठ पदवीदानाची, म्हणजे हल्ली ज्याला दीक्षांत समारंभ म्हणतात त्याची, सूचना काढते. त्या सूचनेत दिलेल्या मुदतीत अर्ज भरावा लागतो व ठरलेली फी द्यावी लागते. समारंभास प्रत्यक्ष हजर राहून पदवी घेणार की अनुपस्थितीत, हे कळवावे लागते. पूर्वी हा अर्ज महाविद्यालयाच्या खिडकीशी मिळे. आता तो घरबसल्या संगणकावर भरता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००८ साली असा नियम घालून दिला आहे की, विद्यार्थी पदवीस पात्र होईल तेव्हापासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान झाली पाहिजे. नियम उत्तम आहे. पण मागणाऱ्याने अर्जच केला नाही, तर देणाऱ्याला तरी बोल कसा लावावा? मध्यंतरीच्या काळासाठी तात्पुरते उत्तीर्णता प्रमाणपत्र मिळते. त्याचे नावच तात्पुरते आहे, हे विसरू नये.

आमच्या पिढीतील मंडळींसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. केवळ एका जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणून त्याची ख्याती आहे, आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करीत आहे. त्यापूर्वी आपला जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. ते १९६२ चे. त्याच्या आधी १९४९ पासून पुणे विद्यापीठ होते, आणि त्याही आधी १८५७ साली स्थापन झालेले मुंबईचे. तेव्हा घरात कोणा वडीलधाऱ्याची पदवी घ्यावयाची राहिली असेल, तर केगावच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही. गुणपत्रकाच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचे नाव छापलेले आहे, त्याच्याच दारी जावे. कारण नोंदवही त्याच्यापाशी आहे. पदवी म्हणजे तरी दुसरे काय? विद्यापीठाच्या वहीत आपले नाव कायमचे लागणे. ‘मॅट्रिक’ या शब्दाचे मूळही पटावर नाव लागणे हेच आहे, असे आमचे हेडमास्तर सांगत. माझे नाव त्या पटावर लागले आणि तेथेच राहिले. असो.

मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे, अशी ती चौकडी. ही नावे आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. परंतु मला आज निराळ्याच एका नावाचे स्मरण करावयाचे आहे. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर; पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. पुढे त्या विलायतेस ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची उच्च परीक्षा त्यांनी दिली. अशी परीक्षा देणारी स्त्री तोवर त्या विद्यापीठाने पाहिली नव्हती. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. कारण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे चालच नव्हती. ती चाल १९२० साली सुरू झाली, आणि सोराबजीबाईंच्या हाती पदवी पडली १९२२ साली. बंधुभगिनींनो, तीस वर्षे! इतक्या अवधीत त्यांनी हिंदुस्थानात पडद्यातील विधवांच्या व अज्ञान मुलांच्या इस्टेटींचे कज्जे हाताळले, ग्रंथ लिहिले, लौकिक मिळविला. तरी पदवी देण्याचा दरवाजा उघडला, तेव्हा वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या या बाई ती घेण्यास गेल्याच. ‘आता या वयात कशाला’ असे त्या म्हणाल्या नाहीत.

त्यांना विद्यापीठ देत नव्हते. आमच्या घरी मात्र विद्यापीठ देत होते आणि आम्हीच घेतले नाही. ती हकीकत आता सांगतो.

माझी धाकटी भगिनी १९८६ साली बी. ए. झाली. आमचे वडील कारखान्यात कामाला. पहाटेचा भोंगा वाजला की ते घराबाहेर पडत, आणि तीही पहिली एस. टी. गाठून अकलूजला महाविद्यालयात जाई. आमच्या घराण्यातील ती पहिली पदवीधर. निकालानंतर काही महिन्यांनी तिने पदवीचा अर्ज आणला, भरला, सही केली आणि फीच्या पैशांसाठी माझ्यापुढे ठेवला. मी तेव्हा नोकरीत होतो. फी जड नव्हती. मी म्हणालो, “गुणपत्रक आहे ना? कागद भिंतीवर लावून काय करायचे आहे? लग्न ठरते आहे, तेथे खर्च थोडा का आहे!” ती काही बोलली नाही. अर्जाची घडी करून तिने ट्रंकेत ठेवली.

त्या वेळी मी काटकसर केली, असे मी स्वतःस पुष्कळ वर्षे सांगत आलो. आज या वयात खोटे कशाला बोलू? वडिलांच्या पगारात दोघांचे कॉलेज होणे शक्य नव्हते, म्हणून मी मॅट्रिकनंतर शिक्षकाच्या ट्रेनिंगला गेलो. धाकट्या बहिणीची पदवी चौकटीत बसून घराच्या भिंतीवर लागावी, हे माझ्या मनाला कोठे तरी रुचले नसावे. पैशाचे निमित्त झाले.

२००१ साली तिचे यजमान वारले. पदरात दोन मुले. पुढल्या वर्षी एका संस्थेत लिपिकाची जागा निघाली, अट पदवीधराची. तिची निवड झाली, आणि मूळ कागदपत्रे आठ दिवसांत दाखल करा, असे पत्र आले. तेव्हा पदवी शोधू लागलो आणि ध्यानात आले की ती घेतलेलीच नाही. ट्रंक उघडली, तो सोळा वर्षांपूर्वीचा भरलेला अर्ज तसाच घडीत, खाली तिची माहेरच्या नावाची सही. मी तो हातात घेतला आणि मला खाली बसावे लागले.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठले. तेथील मंडळी सौजन्याने वागली. पण जुना निकाल तपासणे, माहेरचे व सासरचे नाव एकाच बाईचे असल्याचे प्रतिज्ञापत्र करणे, विलंबाची फी भरणे, याला जो वेळ लागावयाचा तो लागलाच. संस्थेने आठ दिवसांवर आणखी चार दिवस वाट पाहिली; मग यादीतील पुढच्या उमेदवारास ती जागा मिळाली. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पदवी टपालाने आली, तेव्हा माझी भगिनी शिवणयंत्रावर बसलेली होती. तिने पाकीट उघडले, बराच वेळ वाचले आणि म्हणाली, “दादा, नाव बरोबर छापलंय हो.” मला एका शब्दानेही तिने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

नावावरून आठवले. पदवीवर जे नाव छापून येते, त्याचा उगम आम्हा प्राथमिक शिक्षकांच्या हातचा. मूल पहिलीत येते, बाप म्हणतो ‘हिला छबू म्हणतात’, आणि गुरुजी जनरल रजिस्टरात ‘छबू’ लिहून मोकळे होतात. तेच नाव दाखल्यावर, दाखल्यावरून दहावीला आणि तेथून विद्यापीठापर्यंत जाते. जन्मतारीख ठाऊक नसली की आम्ही १ जून ठोकून देत असू. या सभेतही १ जूनला जन्मलेली बरीच मंडळी निघतील, त्यांतील काही माझीच कृती! तेव्हा नावाची दुरुस्ती मूल शाळेत आहे तोवरच करून घ्यावी. शाळा सुटल्यावर ती फार जड जाते. आणि मुलीच्या बाबतीत माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्या नावाने परीक्षा दिली त्याच नावाने पदवी घेऊन मगच तिची सासरी पाठवणी करावी. लग्नाच्या याद्या करताना भांडीकुंडी आपण मोजून लिहितो. त्या यादीत पदवीचा कागद मी कधी पाहिलेला नाही.

२०१७ पासून राष्ट्रीय शैक्षणिक भांडार सुरू झाले असून डिजिलॉकरमध्येही पदव्या पाहावयास मिळतात. वाळवी लागण्याचे भय त्याने गेले. तरी परदेशी नोकरीस जाणाऱ्याला मूळ पदवीवर सरकारी साक्षांकन करून घ्यावेच लागते. तेव्हा कागद लॅमिनेट करून टाकू नका, त्यावर शिक्का उठत नाही.

चिटणीसांशी बोलून असे ठरविले आहे की, येत्या दोन रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत मी व माझी भगिनी बसणार आहोत. संगणक चालविण्यास तिचा मुलगा येईल. ज्यांची पदवी राहिली असेल, मग ती गेल्या वर्षीची असो की चाळीस वर्षांपूर्वीची, त्यांनी यावे. फीची ज्यांना अडचण असेल त्यांनी मला एकट्यास बाजूला घेऊन सांगावे. तो खर्च मी करणार आहे, आणि त्याविषयी मंडळाच्या अहवालात काही छापू नये अशी विनंती आहे. येताना गुणपत्रकाची मूळ प्रत आणावी. झेरॉक्सवर नावाचा काना-मात्रा नीट वाचता येत नाही.