दुखणं सांगता येईल असा फॉर्म



आपल्या गावातल्या मुली आता मैदानावर दिसतात. शाळेत कबड्डी आणि खो-खो चालतो. पहाटे डांबरी रस्त्याने पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळतात, कारण भरतीत त्यांना ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं, गोळाही फेकायचा असतो. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. खेड्यातली मुलगी कुठवर जाते, ते सगळ्यांनी पाहिलं.

पण या मुलींचे गुडघे, घोटे, पाठ आणि खांदे कोण बघतं? बरं, मुलगी स्वतः सांगत नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, बस झाला आता खेळ. सरांना सांगितलं तर संघातून नाव जाईल. कुठे लिहून ठेवलं तर उद्या सोयरीक जुळवताना कुणी म्हणेल, पोरीच्या पायात दोष आहे. म्हणून ती बाम चोळते, पट्टी बांधते आणि खेळत राहते. साधं मुरगळणं मग वर्षभराचं दुखणं होतं.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासून चाललेल्या या कामात जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतल्या अडचणी बघतात. ते चांगलंच आहे. पण खेळणाऱ्या मुलीचा घोटा किती वाकतो, मागची दुखापत पुरती भरून आली का, हे बघायला वेगळी तपासणी लागते. तिला खेळाडूंची सांधे आणि स्नायूंची तपासणी म्हणतात. तपासणारे फिजिओथेरपिस्ट असतात. नोंद मात्र आपल्यासारख्या गटातल्या बायका मोबाइलवर करू शकतात. आम्ही ती करतो. तो फॉर्म कसा बांधायचा, ते आज सांगतो.

पहिला नियम एकच आहे. प्रत्येक प्रश्नापुढे आधी कागदावर लिहा, की याचं उत्तर ‘हो’ आलं तर आपण काय करणार? त्याला उत्तर नसेल तर तो प्रश्न काढून टाका. उगाच विचारलेल्या पन्नास प्रश्नांपेक्षा ज्यावर काही करता येतं असे पंधरा प्रश्न बरे. विचारून काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी मुलगी खरं सांगत नाही.

दुसरी गोष्ट, ही तपासणी म्हणजे भविष्य नव्हे. नॉर्वेतले खेळवैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ साली हे स्पष्ट लिहिलं, की अशा चाचण्यांवरून कुणाला दुखापत होणार आणि कुणाला नाही, हे सांगता येत नाही. म्हणून फॉर्मच्या शेवटी ‘खेळायला योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शिक्का ठेवू नका. मग उपयोग काय? आज काय दुखतंय ते कळतं. जुनी दुखापत अर्धवट राहिली असेल तर कळतं. आणि ठणठणीत असताना मुलीचं माप किती होतं, हे पुढे दुखलं तर तुलनेला हाताशी राहतं.

आता शब्दांकडे या. ‘पाय दुखतो का?’ असं आपण सहज विचारतो. पण आपल्या बोलीत पाय म्हणजे जांघेपासून बोटांपर्यंत सगळंच. म्हणून फॉर्ममध्ये जागा वेगवेगळ्या लिहा : कंबर, जांघ, मांडी, गुडघा, पोटरी, नडगी, घोटा, टाच, तळपाय. डावा आणि उजवा वेगळा विचारा. दुखणं कसं, तेही मुलींच्या शब्दांत असू द्या : मुरगळला, लचक भरली, चमक निघते, गोळा येतो, सूज आहे. डॉक्टरी शब्द फिजिओथेरपिस्ट नंतर लिहितील.

मोबाइलवर फॉर्म करायचे दोन सोपे मार्ग आहेत. गुगल फॉर्म लवकर बनतो, पण भरताना नेटवर्क लागतं. मैदानावर रेंज नसेल तर कोबो टूलबॉक्स घ्या. त्याचं कोबोकलेक्ट नावाचं ॲप अँड्रॉइड फोनवर चालतं. घरून निघताना फॉर्म फोनमध्ये उतरवून घ्यायचा, मैदानावर रेंजशिवाय भरायचा आणि रेंज आली की पाठवायचा. दोन्हींत मराठीत प्रश्न लिहिता येतात.

बांधताना चार गोष्टी बघा. एक, लिहायला कमी आणि निवडायला जास्त ठेवा. ‘गुडघा’ कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ, मग मोजदाद करताना ते दोन वेगळे शब्द होतात. यादीतून बोट लावून निवडलं की तो घोळ होत नाही. दोन, प्रश्नाला प्रश्न जोडा. ‘काही दुखतं का?’ याला ‘नाही’ म्हटलं तर दुखण्याचे पुढचे प्रश्न दिसूच नयेत. तीन, आकड्यांना मर्यादा घाला. उंची १०० ते २०० सेंटीमीटरच्या मध्येच घ्यायची असं ठरवलं, तर १५५ च्या जागी १५५० दाबलं की फोन अडवतो. चार, नाजूक प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हेही उत्तर ठेवा. सक्ती केली की खोटं उत्तर येतं.

आता मापं. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येईल असं एक माप घोट्याचं आहे. भिंतीपासून जमिनीवर मोजपट्टी चिकटवायची. मुलीने अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्यायचं आणि पुन्हा टेकवायचा. टाच न उचलता जास्तीत जास्त जेवढं मागे जाता येईल, तेवढं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहायचं. दोन्ही पायांत बराच फरक असेल तर तो फिजिओथेरपिस्टला दाखवायचा. जुना मुरगळलेला घोटा इथे बोलतो.

दुसरं म्हणजे सांध्यांचा सैलपणा. करंगळी मागे किती वाकते, अंगठा मनगटाकडे वळवून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलटा वाकतो का, हे दोन्ही बाजूंना बघतात. शेवटी गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का, ते बघतात. असे ९ गुण असतात. त्याला बायटन गुण म्हणतात. गुण जास्त आले म्हणजे आजार नव्हे. अशा मुलीला ताणाच्या व्यायामापेक्षा ताकदीचे व्यायाम जास्त लागतील का, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात. एका पायावर अर्धी बैठक मारताना गुडघा आत पडतो का, हेही तेच बघतात, कारण उडी मारून उतरण्याच्या आणि झटकन वळण्याच्या खेळांत गुडघ्यातला आतला बंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं.

माप दोघींनी घेऊन बघा. एकाच मुलीचं माप दोघींचं वेगळं आलं, तर आधी आपली पद्धत एक करा, मगच पुढची मुलगी घ्या.

आता नाजूक प्रश्न, पाळीचा. तो फॉर्ममध्ये हवाच. पळणं भरपूर आणि खाणं तोकडं असलं की शरीर काटकसर करतं, पाळी थांबते आणि हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याबद्दल जगभरच्या खेळाडूंना सावध केलं आहे. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. पण आपल्याकडे असं काही कळलं की लोक भलताच अर्थ काढतात. म्हणून हा प्रश्न मुलीने स्वतः फोन हातात घेऊन भरावा. आपण बाजूला उभं राहावं.

इथेच सगळ्यात मोठी जबाबदारी येते. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती लागते, असं म्हटलं आहे. पण कायद्याच्याही आधी हा मुलीच्या विश्वासाचा प्रश्न आहे. आम्ही फॉर्ममध्ये नाव घेत नाही, क्रमांक घेतो. कुठला क्रमांक कुणाचा, ही वही एकीकडेच कुलपात असते. फोनला पासवर्ड असतो. नोंदीचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात जात नाही, सरपंचांनी मागितला तरी नाही आणि निवड करणाऱ्या सरांनी मागितला तरी नाही. सरांना एवढंच कळतं, की अमुक मुलीला दोन आठवडे उड्या मारायला लावू नका. का, ते मुलगी, तिचे आईवडील आणि तपासणारे, एवढ्यांनाच माहीत. संमती घेताना आईवडिलांना हे सगळं तोंडी सांगा आणि मुलीलाही वेगळं विचारा. तिची ‘नाही’ मान्य करा.

वर्षातून एकदा तपासून भागत नाही, दुखणं मधल्या दिवसांत येतं. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या क्रीडा दुखापत संशोधन केंद्राने त्यासाठी चार प्रश्न तयार केले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. मागच्या आठवड्यात दुखण्यामुळे खेळताना अडचण आली का? सराव कमी करावा लागला का? खेळ खालावला का? दुखणं किती होतं? दर रविवारी मुलगी हे दोन मिनिटांत भरते. सलग दोन-तीन आठवडे दुखणं वाढतंय असं दिसलं, की तपासणीची वाट न बघता तिला फिजिओथेरपिस्टकडे न्यायचं.

काही उत्तरांना तर आठवडाही थांबायचं नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गुडघा अडकणं किंवा एकदम सुजणं, पायाला मुंग्या येऊन जोर जाणं, नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबलं की कळ येणं आणि उडी मारली की तिथेच दुखणं, पळताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं. यातलं एक जरी निवडलं, तरी स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘आजच डॉक्टरांकडे’ ही ओळ दिसली पाहिजे. फॉर्ममध्ये तशी सूचना घालता येते.

सुरुवात करायची तर मोठं काही नको. गावातल्या पाच खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया एकत्र बसवा. कागदावर प्रश्न वाचून दाखवा, कुठला कळला नाही ते विचारा. जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाला किंवा जिल्हा रुग्णालयाला गटाच्या नावाने पत्र द्या आणि एक दिवस मागा. मगच फोन उघडा.

फॉर्म भरून झाल्यावर मुलीला आणि तिच्या आईला एक वाक्य नक्की सांगा : दुखतंय म्हणून खेळ बंद करायला आम्ही हे लिहीत नाही, खेळ चालू राहावा म्हणून लिहितो. आणि ते वाक्य खरं करून दाखवणं आपल्या गटाच्या हातात आहे.