कण फुगत नाही



आज मी एका लहानशा चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक मी स्वतः वर्गात अनेक वर्षे केली आहे. ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हा पाठ शिकविताना मी फळ्यावर थंड पदार्थाचे कण लहान ठिपक्यांनी व तापलेल्या पदार्थाचे कण मोठ्या ठिपक्यांनी दाखवीत असे. फरक मागच्या रांगेतून दिसावा, एवढाच हेतू. एके दिवशी एका मुलाने विचारले, “गुरुजी, तापल्यावर कण फुगतो, तर वाफेचा कण केवढा असेल?” मुलाचा तर्क बरोबर होता, चुकली होती ती माझी आकृती. व्याख्या बिनचूक म्हणणारा वर्ग माझ्या खडूपासून भलतेच शिकत होता.

खरी गोष्ट अशी की, उष्णतेने कण मोठा होत नाही. त्याची हालचाल वाढते आणि त्यामुळे बहुधा कणाकणांतील अंतर वाढते. १ ग्रॅम पाणी सुमारे १ घन सेंटिमीटर जागा व्यापते. त्याची उकळबिंदूवर वाफ झाली की तीच जागा सुमारे १७०० घन सेंटिमीटर होते. कण तेच, वजन तेच. वाढली ती मधली मोकळी जागा.

हे समजाविण्यास खर्चिक साहित्य नको. दौंडच्या ऊसपट्ट्यातील मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. गुऱ्हाळमालकाच्या संमतीने वर्गाला तेथे न्यावे. मात्र काहिलीपासून मुले लांब उभी करावीत. रस उकळू लागल्यावरही चुलवाणात चिपाड पडतच असते, तरी बराच वेळ रसाचे तापमान फारसे चढत नाही. मग एवढी उष्णता जाते कोठे? हा प्रश्न मुलांनाच विचारावा. ती पाण्याच्या कणांना एकमेकांपासून सोडविण्यात खर्च होते. १ ग्रॅम पाणी ० पासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे १०० कॅलरी पुरतात; पण त्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. चिपाडाचा ढीग कशापायी जळतो, ते मुलांस येथे उमगते.

काहिलीवरचा पांढरा लोट म्हणजे वाफ, असेही आपण सांगतो. वस्तुतः वाफ डोळ्यांना दिसत नाही. वर थंड हवेत कणांची हालचाल मंदावून ते पुन्हा जवळ येतात आणि त्यांचे सूक्ष्म जलबिंदू होतात. आपणांस दिसतात ते जलबिंदू. एक सावधगिरी मात्र बाळगावी. गुळाची ढेप घट्ट होणे व पाणी गोठणे या गोष्टी एक नव्हेत. रसातील पाणी निघून गेल्याने साखरेचा अंश दाट होतो, तापमान १०० च्या बरेच पुढे जाते व निवताना त्यात साखरेचे स्फटिक धरतात. गोठण्याचा दाखला हवा असल्यास थंडीच्या सकाळी थिजलेले खोबरेल तेल दाखवावे.

शाळेत पाणी उकळून तापमापक धरला आणि पारा ९८ अंशांच्या आसपास थांबला, तर तापमापकास दोष देऊ नये. आपली गावे समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर आहेत. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. मुलाने वाचलेला आकडा खोडून पुस्तकातील आकडा लिहावयास लावणे हा विज्ञानाचा पराभव होय.

आता फळ्यावरील आकृतीऐवजी मैदानाचा उपयोग करावा. पंचवीस मुलांना एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून रांगांत उभे करावे व जागच्या जागी हलावयास सांगावे : हा स्थायू. मग हात सोडून, पण एकमेकांच्या जवळच राहून, इकडून तिकडे सरकावयास सांगावे : हा द्रव. शेवटी साऱ्या मैदानभर धावू द्यावे : हा वायू. नंतर विचारावे, “तुमच्यापैकी कोणाची उंची वाढली काय?” मुले हसतील, आणि ते विसरणार नाहीत.

दौंड जंक्शनच्या मुलांना रुळांचे उदाहरण जवळचे आहे. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ ३० अंशांनी तापला, तर सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. परंतु आता पुष्कळ ठिकाणी रूळ सांधून अखंड केलेले व स्लीपरांशी घट्ट जखडलेले असतात. फट शोधावयास गेलेल्या मुलास ती सापडली नाही, तर पाठ खोटा ठरतो. म्हणून रुळांच्या दोन्ही पद्धती सांगाव्यात.

थंडीने प्रत्येक पदार्थ आकसतोच, असेही सांगू नये. पाणी ४ अंशांखाली निवताना किंचित प्रसरण पावते आणि गोठताना त्याहून पुष्कळच. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. गोठताना पाण्याच्या कणांची मांडणीच अधिक विरळ होते. येथेही कण फुगलेला नाही.

उद्या वर्गात जाल तेव्हा फळ्यावरील ठिपके सर्वत्र एकाच आकाराचे काढा व त्यांमधील अंतर तेवढे बदला. खडूचा एवढाच फरक. पण मुलाच्या मनात उभे राहणारे चित्र त्याने सुधारते. ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याला त्या दिवशी मी खाली बसविले होते. आपल्या वर्गात असा प्रश्न आला, तर त्या मुलाला पुढे बोलवावे, ही माझी विनंती आहे.